मासा कुणी कुणाकडे न्यायचा

ओळखी वाढवा! जकार्तातल्या त्या संस्थेत पहिल्याच दिवशी रोंदांग बुतारबुतारच्या कानात हा मंत्र फुंकला गेला. सरकारी धोरणं कशी आखतात आणि कशी तपासतात, ते शिकायला देशभरातून पोरं निवडून आणली होती. वर्षभर शिकायचं, एखाद्या योजनेच्या मागे लागून गावोगाव फिरायचं, अहवाल लिहायचा आणि शेवटी मोठ्या माणसांच्या मंडळापुढे तो मांडायचा. त्यातून दोघांना थेट नियोजन खात्यात नोकरी मिळणार होती. "अभ्यास काय, सगळेच करतात," संस्थेच्या प्रमुख वुर्यानीबाई म्हणाल्या. "पुढे उपयोगी पडतात त्या ओळखी. चहाच्या सुट्टीत कोपऱ्यात उभं राहून तळलेली केळी खाऊ नका." वुर्यानीबाई जावाकडच्या. आवाज इतका मऊ, की रागावल्या तरी आपली विचारपूस चालली आहे असं वाटावं.

मग काय, चहाच्या सुट्टीत नुसता बाजार भरायचा. जो तो हसतमुख, जो तो खिशातून कार्ड काढणार, आणि डोळे समोरच्याच्या खांद्यावरून आणखी मोठ्या माणसाच्या शोधात. रोंदांगला ते काही जमेना. बाप मिनीबस चालवायचा, तो गेला. आई तियोमिना जकार्ताबाहेर बेकासीत एका खोलीत शिलाईयंत्रावर लोकांच्या पडद्यांना शिवण घालते. अशा घरातल्या पोरीने कुणाची ओळख सांगायची? आणि त्यात आम्ही बाताक माणसं, सुमात्रातल्या तोबा तळ्याकडची. आम्ही कुजबुजलो तरी शेजारचं मूल उठून रडायला लागतं. मऊ बोलून काम काढून घेणं आमच्या रक्तातच नाही.

पहिल्या महिन्यातच संस्थेत पाहुण्यांचं संमेलन झालं. रोंदांग भिंतीला टेकून उभी होती. समोरून एक उंच, पिकल्या केसांचा माणूस गेला. छातीवर नावाची पट्टी: हासिहोलान मारपाऊंग. शिक्षण खात्यातला मोठा अधिकारी. मारपाऊंग! आईचं कूळ!

आमच्यात दोन अनोळखी माणसं भेटली की हवापाण्याच्या गप्पा होत नाहीत, आधी कूळ विचारतात. आजा, पणजा, खापरपणजा असं मागे जात जात नातं लावतात, आणि एकदा लागलं की ते सख्ख्यासारखंच. आईच्या कुळातला, आईच्या पिढीचा जो कोणी भेटेल तो मामा. मग त्याला जन्मात पाहिलेलं का नसेना.

रोंदांगने सरळ त्याच्यापुढे जाऊन आमच्याकडचा नमस्कार घातला. "होरास, मामा. माझी आई मारपाऊंगांची."

तो थांबला. भोवतीची माणसं थांबली. "कुठल्या मारपाऊंगांची?" त्याने भुवया उंचावल्या. "आज्याचं नाव सांग. त्याच्या बापाचं? गाव कुठलं? तळ्याच्या कुठल्या अंगाला?" रोंदांग धडाधड सांगत गेली, पणज्यापाशी अडखळली, पुन्हा सावरली. एकाएकी तो इतक्या मोठ्याने हसला की वुर्यानीबाईंच्या कपातला चहा हिंदकळला. "अरे, ही तर माझी भाची निघाली! ऐकलंत का? मारपाऊंगांची लेक हिची आई!"

त्या संध्याकाळी जी पोरं तिच्याकडे ढुंकून बघत नव्हती, ती तिला आपली कार्डं द्यायला आली. रोंदांगला वाटलं, शिडी सापडली. शिडीला दुसरं कुणी धरून उभं असतं आणि त्याच्याही हाताला रग लागते, हे तिला कोण सांगणार?

मामाने नातं पाळलं, ते मात्र खरं. जाईल तिथे तिला बरोबर न्यायचा. "ही माझी भाची, हिला जरा दोन गोष्टी सांगा," म्हणून खात्यातल्या बड्या बड्या लोकांपुढे उभी करायचा. दर रविवारी चर्च झाल्यावर घरी जेवायला बोलवायचा. आणि एका रविवारी त्याने तियोमिनालाच मारपाऊंगांच्या मेळाव्याला बोलावलं. तियोमिनाचा एकुलता भाऊ लहानपणीच गेला होता. आईबापही गेले. लग्न होऊन आली तशी ती माहेराला पारखी झालेली. मेळाव्यात सगळ्यांदेखत हासिहोलान मारपाऊंगने तिच्या खांद्यावर विणलेलं उलोस, आमच्यातली मानाची शाल, पांघरलं आणि म्हणाला, "ही आमची बहीण. आजवर हरवली होती." बसमध्ये घरी येईपर्यंत तियोमिना रडत होती. ते उलोस तिने पेटीत ठेवलंच नाही. शिलाईयंत्राच्या वर भिंतीला टांगलं, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, पडद्याचं माप घेण्याआधी, ते कुणी दिलं ते सांगायची.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पुढे रोंदांग तोबाला गेली.

अहवालासाठी तिने मामाच्याच खात्याची योजना घेतली होती. तळ्याकाठच्या खाचाखोचांमध्ये चार-दोन पोरांच्या शाळा होत्या. त्या बंद करून पलीकडच्या काठावर एक मोठी शाळा बांधली, आणि पोरांना न्यायला-आणायला सरकारी बोट ठेवली. ही योजना खुद्द मामाने आखलेली. तिच्या जोरावरच तो इतका वर चढलेला. कागदावर बोट रोज सकाळी सुटत होती. रोंदांगला वाटलं होतं, जाऊन कौतुकाचे चार शब्द लिहू, म्हणजे सगळेच खूश.

तळ्याच्या धक्क्यावर तिला लामरिया भेटली. आठ-नऊ वर्षांची पोर, धुतलेला गणवेश, तेल लावून चापून बांधलेले केस. पायरीवर बसली होती.

"काय गं, कुणाची वाट बघतेस?"

"बोटीची."

"कधी येते?"

पोरीने खांदे उडवले. "येत नाही."

"मग बसलीस कशाला?"

"आई म्हणते, एखाद्या दिवशी आली आणि आपण नसलो तर?"

वारा उठला, तळ्याला लाटा आल्या, तशी ती उठली आणि दप्तर सावरत घरी निघून गेली. रोंदांग तिथेच पायरीवर बसून राहिली. मग ती तळ्याकाठी वाडीवाडीत हिंडली. सगळीकडे तेच. पहिले काही महिने बोट आली होती. मग डिझेल नाही, मग चालवणारा नाही, मग काहीच नाही. मोठी पोरं डोंगर चढून पलीकडच्या शाळेत जात होती, आणि धाकट्यांची शाळा सुटली ती सुटलीच. कुणी वर कळवलं नव्हतं का? कळवलं होतं की! पण प्रत्येक साहेबाने आपल्या वरच्या साहेबाला जरा गोड करून कळवलं, आणि जकार्ताला पोचेस्तोवर त्या बातमीतला कडूपणा पार निघून गेला होता.

ती जकार्ताला परत आली. मांडणीचा दिवस जवळ येत होता, आणि मंडळावर मधोमधच्या खुर्चीत बसणार होता खुद्द मामा. मधले सगळे रविवार ती त्याच्याकडे जेवायला जात राहिली. मामी वाढायची, मामा विचारायचा, "काय, बोटीतून फिरलीस की नाही? वारा कसा लागतो सांग!" आणि रोंदांग तोंडात घास कोंबून मान हलवायची. त्या माना हलवण्याची तिला मागाहून फार लाज वाटली.

वुर्यानीबाईंना तिने सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, पेन्सिल सरळ केली. "तसं खोटं काही सांगायचं नाहीच," त्या म्हणाल्या. "पण रोंदांग, दोष वाऱ्याला देता येतो. 'हवामानामुळे फेऱ्या अधूनमधून अनियमित.' कुणाला लागत नाही. नोकरी तुझ्या हातात आलेलीच आहे, मंडळावरची सगळी माणसं तुला ओळखतात. आत गेल्यावर बोटी सुरू कर की."

"आणि आत गेल्यावरही तोंड उघडता नाही आलं तर?"

बाई नुसत्या हसल्या. जावाकडच्या माणसाचं हसू म्हणजे उत्तर असतंच असं नाही.

आईला फोन केला, तर ती कळवळलीच. "तुझं डोकं फिरलंय का गं? मामाला चारचौघांत खोटं पाडणार? मामा म्हणजे डोळ्यांना दिसणारा देव! त्याच्यापुढे आपण हात जोडायचे, जीभ नाही चालवायची!"

आमच्यात मुलगी दिलेलं कूळ वरचं. जावई असो, जावयाची पोरं असोत, त्यांनी आयुष्यभर त्या कुळापुढे मान लववायची आणि आशीर्वाद घ्यायचा. तिथे उलट बोलणाऱ्याच्या घरी धान्य पिकत नाही, पोर होत नाही, असं आमची म्हातारी माणसं अजून सांगतात.

"आई, पोरं धक्क्यावर बसून असतात गं."

पलीकडे यंत्राची खडखड थांबली. "हे बघ," तियोमिना हळू आवाजात म्हणाली, "मला तुझं ते धोरणबिरण कळत नाही. मला एवढंच कळतं, की सगळा जन्म गेल्यावर मला माहेर मिळालंय. बोलायचंच असेल तर आधी घरी जाऊन बोल. रीतीने. खायला घेऊन जा, समोर ठेव, त्यांना जेवू दे, आणि मग हात जोडून सांग. हात हलवत जाऊ नकोस."

हे रोंदांगला पटलं. पण काय न्यायचं, ते ना आईने सांगितलं ना तिने विचारलं. एवढं साधं बाताकाच्या लेकीला माहीत नसेल, हे तियोमिनाच्या स्वप्नातही आलं नाही. आणि रोंदांग? ती बेकासीत वाढलेली. लग्नाकार्यात ती कायम मागच्या अंगाला, ताटं विसळायला नाहीतर पोरींच्या घोळक्यात फोनमध्ये तोंड घालून बसलेली. पुढे मांडवात काय कुणापुढे ठेवतात, ते तिने येता-जाता पाहिलेलं. एवढंच डोक्यात होतं, की कसलंही मोठं कार्य असलं की अख्खा मासा लागतो आणि त्याचं डोकं मानाच्या माणसाकडे ठेवतात. शिवाय ती राहायची त्या घराची मालकीण हज करून आलेली बाई. आमच्या कार्यांत लागतं ते डुकराचं मांस तिच्या चुलीवर शिजवायचा विचारही रोंदांगच्या मनात आला नसता. मासा सोयीचा, तेव्हा मासाच.

शनिवारी ती बाजारात जाऊन मोठा लालसर मासा घेऊन आली. हळद, आलं, आणि तिरफळासारखं जीभ झिणझिणवणारं आमचं आंदालिमान वाटून रविवारी पहाटेपासून मंद आचेवर ठेवला. रस आटेपर्यंत तिथून हलली नाही. मालकीणबाईसुद्धा दारात येऊन म्हणाली, "वास काय सुटलाय गं! कुणाचं लग्न ठरलं?"

मामाकडे त्या दिवशी मारपाऊंगांचे दोन-तीन म्हातारे चर्चवरून परस्पर आलेले. चटईवर मंडळी गोल करून बसली होती. रोंदांगने भांडं मध्ये ठेवलं, झाकण काढलं, मासा मोडू न देता ताटात घेतला, आणि मोठ्या अदबीने त्याचं डोकं मामाकडे केलं.

मामी वाढायला म्हणून वाकली होती, ती तशीच राहिली. एका म्हाताऱ्याने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"हे काय आहे?" मामाने विचारलं.

"मासा, मामा. मी स्वतः केलाय."

"ते दिसतंय."

म्हाताऱ्यांपैकी एक जण खुसखुसला. "वा रे वा, हासिहोलान! आज भाची मामाला आशीर्वाद द्यायला आली! वाक आता, पाया पड तिच्या!"

रोंदांगला काही समजेना. मामीनेच मग खालच्या आवाजात सांगितलं, "पोरी, मासा आम्ही तुम्हाला द्यायचा असतो. आशीर्वाद म्हणून, लेकीच्या घरी. तुमच्याकडून आमच्याकडे मांस येतं. मासा आणलास म्हणजे तू वरची आणि हे खालचे, असं झालं."

"मला माहीत नव्हतं हो मामा, देवाशपथ! मालकीण हाजीण आहे, तिच्या चुलीवर..."

"असू दे." मामाचा चेहरा दगडासारखा झाला होता. "कशाला आली होतीस?"

हे सगळं आता गिळून, माफी मागून, उठून जाता आलं असतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण बाताकाची जीभ, ती उचलली की टाळ्याला लागणारच. तिथेच, त्या न शिवलेल्या माशापुढे, रोंदांगने सगळं सांगून टाकलं. धक्का, लामरिया, डोंगर चढणारी पोरं, डिझेल, सगळं. म्हातारे ताटाकडे बघत बसले.

मामाने मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचं झाल्यावर म्हणाला, "माझ्याकडे दर महिन्याला माहिती येते. बोटी चालू आहेत."

"मामा, मी तिथे बसले होते."

"आणि त्यानंतरही किती रविवार इथे बसलीस! या चटईवर. मी विचारत होतो बोटीचं, आणि तू माना हलवत होतीस. खरं की नाही?"

तिने मान खाली घातली.

"परवा मंडळापुढे तू येशील," तो म्हणाला. "माझी भाची म्हणून आलीस, तर घरातली गोष्ट घरात राहील, बाकी मी बघून घेईन. आणि ही बोटीची कथा तिथे सांगायची असेल, तर मला मामा म्हणू नकोस. साहेब म्हण. आणि मग परत कधीच मामा म्हणू नकोस. तुझ्या आईलाही सांगून ठेव, हे तिलाही लागू." तो उठून आत गेला. मामीने झाकण लावून भांडं रोंदांगच्या हातात दिलं. बाहेर आल्यावर गल्लीच्या तोंडाशी एका बाकावर ती ते गरम भांडं मांडीवर घेऊन बसून राहिली.

सोमवार तिने कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक. इकडे आड तिकडे विहीर. अहवालात तिने वाऱ्याचं वाक्य घातलं, खोडलं, पुन्हा घातलं. आईचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. काय सांगणार होती? उलोस भिंतीवरून उतरव म्हणून?

मंगळवारी सभागृह भरलेलं. पुढे लांब टेबल, मधोमधच्या खुर्चीत हासिहोलान मारपाऊंग, पांढराशुभ्र शर्ट, हात टेबलावर. वुर्यानीबाई कडेला. रोंदांगचं नाव पुकारलं तेव्हा मागून कुणीतरी कुजबुजलं, "हिचं काय, हिचे मामाच बसलेत तिथे." ती माईकपाशी गेली आणि पाहते तो मामा तिच्याकडेच बघत होता. रागाने नव्हे. पहिल्या दिवशी पणज्याचं नाव विचारून जसा थांबला होता, तसाच थांबला होता.

तिला यंत्रावर वाकलेली आई दिसली. तिला धक्क्यावरची पोरगी दिसली. दोघीही वाट बघत होत्या आणि एकीला फसवल्याशिवाय दुसरीला काही देता येत नव्हतं.

"मारपाऊंगसाहेब," ती म्हणाली.

सभागृहात चुळबुळ झाली. सगळं वर्ष जिने त्याला मामा म्हटलं होतं, ती साहेब म्हणाली होती. वुर्यानीबाईंनी डोळे मिटून घेतले. मामाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही, पण टेबलावरचे हात त्याने उचलून मांडीवर घेतले.

मग तिने बोट येत नाही हे सांगितलं. वाऱ्याला दोष दिला नाही. कुणाचं नाव घेऊन ओरडलीही नाही. पाहिलं तेवढं सांगितलं.

मंडळावरच्या दुसऱ्या एका बाईंनी चष्मा सारखा केला. "हे तुम्ही खात्याला कधी कळवलंत? त्यांची बाजू विचारलीत?"

"विचारली." रोंदांग म्हणाली. "परवा."

सभागृहात हशा पिकला.

"परवा? एवढे महिने खात्याच्या अधिकाऱ्यांशी तुमची ये-जा होती म्हणतात."

"होती. पण मला भीती वाटली."

मंडळात सगळ्यांनी काही ना काही विचारलं. मामाने काहीच विचारलं नाही. त्याची पाळी आली तेव्हा तो इतकंच म्हणाला, "हिला मी गुण देणार नाही. हिचं माझं नातं होतं." होतं, म्हणाला तो. बाकीचं सगळं रोंदांग विसरली असती, तो एक शब्द तेवढा कानात राहिला.

नोकरी दुसऱ्या दोघांना मिळाली. मिळायलाच हवी होती. खात्याला विचारायला इतका उशीर करणाऱ्या पोरीला खात्यात कोण घेईल? पण तिचं खरं दुःख ते नव्हतं. ती त्याच दुपारी बेकासीला गेली, आईला सगळं सांगितलं, "मी त्यांना साहेब म्हटलं" हेही सांगितलं. तियोमिना आरडाओरडा करेल, खाल्ल्या मिठाला जागली नाहीस म्हणेल, अशी तिची तयारी होती. तियोमिना उठली. स्टुलावर चढली, उलोस काढलं, घडी केली, पेटीत ठेवलं. मग म्हणाली, "जेवून जा." पुढचे कितीतरी दिवस माय-लेकींमध्ये एवढंच बोलणं होत राहिलं.

रोंदांगने एका वर्तमानपत्रात किरकोळ काम धरलं. संस्थेतली पोरं फोन घेईनाशी झाली. संमेलनात भेटलेली मोठी माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जायची. ओळखीचा बाजार उठायला काय वेळ लागतो? मामाकडून काहीच कळलं नाही. तिने दोनदा फोन हातात घेतला. हाक काय मारायची तेच कळेना, म्हणून ठेवून दिला.

आणि एका रविवारी आईचा फोन आला. "घरी ये. आत्ता." आवाज असा, की रोंदांगला वाटलं, कुणीतरी गेलं.

दारात दोन अनोळखी बूट. तळव्यांना वाळलेला लाल चिखल, आमच्या तोबाकडचा. आत चटईवर मामा बसलेला. उन्हाने नाकाचं सालपट निघालेलं, गाल काळवंडलेले, ओठ फुटलेले. शेजारी मामी. मध्ये एक मोठं झाकलेलं भांडं. तियोमिना भिंतीला टेकून उभी होती, पदरात तोंड खुपसून रडावं तसं तिने शिवायच्या पडद्याचं टोक तोंडाशी धरलेलं.

रोंदांग दारातच खिळली. काय म्हणावं, साहेब की मामा?

"बस," तो म्हणाला.

ती बसली.

"ती लामरिया," तो म्हणाला, "फार बोलत नाही."

"नाही," रोंदांग म्हणाली.

"कुणाला न सांगता गेलो होतो. सांगून गेलो असतो तर माझ्यासाठी बोट आणून उभी केली असती त्यांनी. तिच्या शेजारी पायरीवर बसलो. पहिल्या दिवशी बसलो, दुसऱ्या दिवशी बसलो." त्याने फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "बोट आली नाही."

"पोरीने मला विचारलं, आजोबा, तुम्ही कुणाची वाट बघताय?" तो म्हणाला. तेवढा आडदांड माणूस, पण खाली मान घालून चटईच्या काड्या मोडत राहिला. बोटी सुरू होतील का, कधी होतील, ते त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. खातं म्हणजे काही एका माणसाचं घर नव्हे. पण आता वरच्या साहेबाला गोड करून सांगणारं त्या रांगेत एक माणूस कमी झालं होतं.

मामीने झाकण काढलं. आंदालिमानचा वास खोलीभर सुटला. अख्खा मासा, कुठे मोडलेला नाही. "पहाटे स्वतः बाजारात जाऊन निवडलाय यांनी," मामी म्हणाली. "मला हातही लावू दिला नाही. राग अजून आहे हो, तो जायचा नाही इतक्यात."

"राग आहेच," मामा म्हणाला. "माना हलवल्यास त्याचा. बोललीस त्याचा नाही." त्याने दोन्ही हातांनी ताट उचललं, तियोमिनाला जवळ बोलावून रोंदांगच्या शेजारी बसवलं, आणि ताट दोघींपुढे ठेवून माशाचं डोकं त्यांच्याकडे वळवलं. "बघ नीट. असा न्यायचा असतो. आणि पुन्हा साहेब म्हणालीस, तर हेच भांडं डोक्यात घालीन."

"नाही म्हणणार, मामा," रोंदांग म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. तियोमिना उठली, पेटी उघडली, आणि सगळे जेवायचे थांबले असताना आधी स्टुलावर चढून उलोस भिंतीला लावून आली.